सिंहासनाखालची शिला

स्कॉटलंडमधील पर्थ शहराच्या वस्तुसंग्रहालयात १२ जुलै २०२५ रोजी एका माणसाने काचेची एक पेटी फोडण्याचा प्रयत्न केला. पेटीत सोने नव्हते, रत्ने नव्हती. होता तो सुमारे १५२ किलो वजनाचा, वालुकाश्माचा एक ओबडधोबड चौकोनी दगड. दगडाला काही इजा झाली नाही आणि त्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतले. जगभरच्या वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली खरी. पण ब्रिटनबाहेरच्या बहुतेक वाचकांना एका दगडासाठी एवढा गहजब का, असाच प्रश्न पडला असणार. या प्रश्नाचे उत्तर पर्थमध्ये मिळत नाही. त्यासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जावे लागते. तेथे ओक लाकडाची एक उंच, जुनाट खुर्ची आहे आणि तिच्या बैठकीखालची जागा रिकामी आहे.

इंग्लंडच्या राजाराण्यांचा राज्याभिषेक ज्या खुर्चीवर होतो ती हीच. ही खुर्ची त्या दगडासाठी घडवली गेली, हे तिच्या इतिहासाचे मर्म आहे. साधारणपणे सिंहासन आधी बनते आणि त्याच्याभोवती कथा नंतर जमतात. येथे उलटे घडले. युद्धात जिंकून आणलेली एक वस्तू कायमची प्रदर्शनात ठेवायची होती आणि त्यासाठी जी चौकट तयार झाली, तीच पुढे सातशे वर्षे राजसत्तेचे आसन ठरली.

स्कॉटलंडचे राजे पर्थजवळच्या स्कून येथील मठात या शिलेवर बसून राजपद स्वीकारीत. बायबलमधील याकोबाने ज्या दगडावर डोके टेकून स्वर्गाच्या शिडीचे स्वप्न पाहिले, तोच दगड इजिप्त, स्पेन, आयर्लंड असा प्रवास करीत स्कॉटलंडला पोहोचला, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी या प्रवासावर केव्हाच पाणी ओतले आहे. हा वालुकाश्म स्कूनच्या परिसरातलाच आहे. 'स्टोन ऑफ डेस्टिनी', म्हणजे नियतीची शिला, हे नाव मात्र टिकून राहिले. राजचिन्हांच्या बाबतीत भूगर्भशास्त्राचा निर्णय अंतिम मानला जात नाही, हा अनुभव जगभर सारखाच आहे.

१२९२ मध्ये जॉन बॅलिअल हा या शिलेवर राज्यारोहण करणारा शेवटचा स्कॉटिश राजा ठरला. वारसाहक्काच्या वादात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड पंच म्हणून आला होता आणि पंचाचा मालक व्हायला त्याला वेळ लागला नाही. बॅलिअलने फ्रान्सशी हातमिळवणी करताच १२९६ मध्ये एडवर्डने स्कॉटलंडवर स्वारी केली. बॅलिअलच्या अंगरख्यावरची राजचिन्हे जाहीरपणे फाडून काढण्यात आली. 'रिकामा अंगरखा' हे त्याचे टोपणनाव तेव्हापासूनचे. मुकुट आणि दफ्तरे यांबरोबर स्कूनची शिलाही इंग्लंडला नेण्यात आली. एडवर्डला एक राजा पदच्युत करायचा होताच. त्यापुढे स्कॉटलंडमध्ये नवा राजा होण्याची सोयच काढून घ्यायची होती.

ती शिला ठेवण्यासाठी आधी काशाची खुर्ची ओतण्याचे काम सुरू झाले होते. ते सोडून देऊन लाकडाची खुर्ची बनवण्यात आली. राजाचा चित्रकार वॉल्टर याने ती रंगवली. सोनेरी मुलाम्यावर पक्षी, पाने आणि प्राणी यांची नक्षी होती. पाठीवर सिंहावर पाय ठेवून बसलेल्या राजाची आकृती होती. त्या नक्षीचे आज अंधुक अवशेषच उरले आहेत. खुर्चीच्या चार पायांशी दिसणारे सोनेरी सिंह मूळचे नाहीत. ते सोळाव्या शतकाच्या आरंभी बसवले गेले आणि आताचे तर १७२७ सालचे आहेत. म्हणजे शब्दशः 'सिंहासन' व्हायलाही या खुर्चीला दोनशे वर्षे थांबावे लागले. काटेकोर बोलायचे तर ब्रिटिश विधीत ती सिंहासन नव्हेच. राजाला पवित्र तेलाचा अभिषेक आणि मुकुटधारण या खुर्चीवर होते. त्यानंतर तो उठून वेगळ्या राजासनावर जाऊन बसतो आणि सरदारांची निष्ठा स्वीकारतो. आपल्याकडील अभिषेकाच्या कल्पनेशी नाते सांगणारा हा तेलाचा विधी सर्वांत पवित्र मानला जातो. म्हणूनच १९५३ मध्ये तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही आणि २०२३ मध्येही पडद्याआड झाला.

एडवर्डचा हिशेब मात्र चुकला. शिला लंडनमध्ये असतानाच, १३०६ मध्ये, रॉबर्ट ब्रूसने स्कूनला जाऊन स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला. दगड नव्हता, तरी राजा झाला. पुढे आठ वर्षांनी बॅनकबर्नच्या लढाईत त्याने इंग्लंडच्या फौजेचा पराभव केला. या घटनेचा अर्थ स्कॉटिश राष्ट्रवादी आणि ब्रिटिश राजनिष्ठ हे दोघेही सोयीस्करपणे विसरतात. शिलेवाचून स्कॉटलंडचे काही अडले नव्हते. १३२८ च्या तहानंतर तिसऱ्या एडवर्डने शिला परत देण्याचा हुकूमही वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीला दिला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याला मान्यता देणे इंग्लंडला त्या वेळी शक्य झाले. दगड देणे झाले नाही.

यानंतरच्या तीन शतकांत त्या खुर्चीवर राजे येत-जात राहिले. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा पहिला जेम्स झाला आणि याच खुर्चीवर बसला. जेथे ही शिला असेल तेथे स्कॉट वंशाचे राज्य असेल, या जुन्या भविष्यवाणीची तेव्हा मोठ्या समाधानाने आठवण काढली गेली. १६५७ मध्ये राजेशाही संपवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलनेही 'लॉर्ड प्रोटेक्टर' पदाच्या विधीसाठी ही खुर्ची ॲबेबाहेर, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मागवून घेतली. राजाचे मस्तक उडवणाऱ्या पक्षालाही राजाच्या खुर्चीचा मोह आवरला नाही. १६८९ मध्ये तिसरा विल्यम आणि दुसरी मेरी यांचा एकत्र राज्याभिषेक झाला तेव्हा खुर्ची एकच असल्याने मेरीसाठी दुसरी करवून घ्यावी लागली. १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या.

या खुर्चीविषयी आज जी भक्तिभावाची भाषा ऐकू येते, ती फारशी जुनी नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत वेस्टमिन्स्टर शाळेच्या मुलांनी आणि पर्यटकांनी तिच्यावर चाकूने खुशाल नावे कोरली. ५ व ६ जुलै १८०० च्या रात्री आपण या खुर्चीत झोपलो, असे ॲबट आडनावाच्या एका इसमाने बैठकीवर कोरून ठेवले आहे आणि ते आजही वाचता येते. आपल्या गडकिल्ल्यांवर बदाम आणि बाण कोरणाऱ्यांना संस्कृतीचे धडे देताना हा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याहून मोठा पराक्रम सरकारी खात्याने केला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी खुर्ची नीटनेटकी दिसावी म्हणून तिला चक्क तपकिरी रंग फासण्यात आला. त्यावर ओरड झाली तेव्हा तो रंग घाईघाईने काढण्यात आला आणि मध्ययुगीन नक्षीचे आणखी नुकसान झाले. ११ जून १९१४ रोजी खुर्चीजवळ बॉम्बस्फोट झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीचे ते कृत्य मानले जाते. खुर्चीचा एक छोटा कोपरा उडाला आणि शिलेलाही त्याच वेळी तडा गेला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

त्या तड्याची कथा १९५० च्या नाताळात पुढे सरकली. ग्लासगोचे चार तरुण, इयन हॅमिल्टन, गॅव्हिन व्हर्नन, के मॅथिसन आणि ॲलन स्टुअर्ट, दोन जुन्या मोटारी घेऊन लंडनला आले आणि नाताळच्या पहाटे ॲबेमध्ये शिरले. खुर्चीखालून ओढून काढताना शिलेचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा हॅमिल्टनच्या कोटावर ठेवून फरफटत नेण्यात आला आणि काही दिवस केंटमधल्या एका शेतात लपवला गेला. पोलिसांनी देशभर शोध घेतला, स्कॉटलंडच्या सीमेवर नाकेबंदी झाली. शिला मात्र ग्लासगोत पोहोचली आणि रॉबर्ट ग्रे नावाच्या पाथरवटाने ती जोडली. ११ एप्रिल १९५१ रोजी ती आर्ब्रोथच्या पडक्या मठात स्कॉटलंडच्या ध्वजात गुंडाळून ठेवलेली सापडली. जागेची निवड सहेतुक होती. १३२० मधील स्कॉटिश स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच आर्ब्रोथच्या नावाने ओळखला जातो.

या चौघांवर खटला भरला गेला नाही. ॲटर्नी जनरल सर हार्टली शॉक्रॉस यांनी खटला सार्वजनिक हिताचा ठरणार नाही, असे संसदेला सांगितले. चोरीचा खटला चालवायचा तर वस्तूची मालकी न्यायालयात सिद्ध करावी लागते, आणि १२९६ मध्ये लुटून आणलेल्या वस्तूची मालकी सिद्ध करण्याचा प्रसंग कोणत्याच सरकारला नको असणार. शिला गुपचूप लंडनला परत गेली आणि १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक तिच्यावर झाला.

पण 'दुसरी' एलिझाबेथ कोणाची? पहिली एलिझाबेथ इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची नव्हे. हाच प्रश्न घेऊन हॅमिल्टन आणि जॉन मॅकॉर्मिक यांनी १९५३ मध्ये एडिंबराच्या न्यायालयात दावा दाखल केला. दावा फेटाळला गेला. मात्र निकाल देताना न्यायमूर्ती लॉर्ड कूपर यांनी संसदेचे अमर्याद सार्वभौमत्व हे खास इंग्लिश तत्त्व असून स्कॉटलंडच्या घटनात्मक परंपरेत त्याला स्थान नाही, असे मत नोंदवले. स्कॉटलंडच्या घटनात्मक वादांत या मताचा आजही आधार घेतला जातो. त्याच सुमारास एडिंबरात राणीचे बोधचिन्ह असलेली एक टपालपेटी स्फोटाने उडवण्यात आली. त्यानंतर तेथील नव्या टपालपेट्यांवर केवळ स्कॉटलंडचा मुकुट दिसू लागला. चार विद्यार्थ्यांच्या उपद्व्यापाने सुरू झालेले प्रकरण असे घटनेच्या मुळापर्यंत जाऊन पोहोचले.

ग्रे यांनी दुरुस्तीच्या वेळी निघालेल्या कपच्या लोकांना वाटल्या होत्या. स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधनातून अशा तीसहून अधिक तुकड्यांचा माग लागला आहे. त्यांपैकी एक स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या मुख्यालयात कित्येक वर्षे पडून असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. लुटीच्या मालावरची ही दुसरी, देशभक्तीची लूट म्हणावी लागेल.

या इतिहासातला सर्वांत राजकीय क्षण मात्र चोरीचा नव्हे, परतीचा आहे. ३ जुलै १९९६ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी शिला स्कॉटलंडला परत करण्याची घोषणा केली. तिच्या अपहरणाला तेव्हा सातशे वर्षे होत होती. पण मुहूर्ताचे खरे कारण इतिहासात नव्हते. मेजर यांच्या हुजूर पक्षाकडे स्कॉटलंडमधील ७२ पैकी जेमतेम १० जागा उरल्या होत्या आणि स्कॉटिश जनता मागत होती ती स्वतःची संसद. संसद द्यायची नव्हती, म्हणून दगड दिला गेला. १५ नोव्हेंबरला शिलेने कोल्डस्ट्रीमच्या पुलावरून सीमा ओलांडली आणि ३० नोव्हेंबरला, स्कॉटलंडचे आराध्य असलेल्या सेंट अँड्र्यूच्या दिवशी, ती समारंभपूर्वक एडिंबराच्या किल्ल्यात आली. हजारो लोक रस्त्यावर आले. पाच महिन्यांनी, १ मे १९९७ रोजी, त्याच लोकांनी मतदान केले तेव्हा हुजूर पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा मिळाली नाही. शिलेच्या परतीसाठी आग्रह धरणारे स्कॉटलंडमंत्री मायकेल फॉरसाइथ हेही पराभूत झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे ७४ टक्के मतदारांनी स्वतंत्र स्कॉटिश संसदेच्या बाजूने कौल दिला.

मतदारांना प्रतीक आणि सत्ता यांतला फरक कळत नाही, असे राज्यकर्ते अधूनमधून समजून चालतात. स्कॉटलंडच्या मतदारांनी दगड ठेवून घेतला आणि संसदही घेतली. परंतु 'परत केली' या शब्दांचा नेमका अर्थ काय होता, हे त्या जल्लोषात फारसे कोणी पाहिले नाही. शिला स्कॉटिश जनतेच्या मालकीची झाली नाही. ती राजघराण्याचीच मालमत्ता राहिली. राजचिन्हांच्या रक्षणासाठी नेमलेल्या आयुक्तांकडे तिचा ताबा आला आणि पुढच्या प्रत्येक राज्याभिषेकासाठी ती लंडनला न्यायची, अशी अट राहिली. ही एका अर्थाने उसनवारीच होती, फक्त मुदत न सांगितलेली.

अटीची पूर्तता २०२३ मध्ये झाली. एप्रिलच्या अखेरीस शिला एडिंबराहून कडेकोट बंदोबस्तात निघाली आणि ६ मे रोजी तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक तिच्यासह त्या जुन्या खुर्चीत झाला. शिला लंडनला धाडू नये, असे माजी प्रथममंत्री ॲलेक्स सॅमंड यांचे म्हणणे होते. पण सत्तेत त्यांचाच जुना पक्ष असूनही तसे काही घडले नाही. त्यात आश्चर्य नाही. स्वतंत्र स्कॉटलंडमध्येही राजा हाच राष्ट्रप्रमुख राहील, ही त्या पक्षाची २०१४ च्या सार्वमतापूर्वीची जाहीर भूमिका होती. त्या सार्वमतात ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्टमिन्स्टरच्या संमतीवाचून दुसरे सार्वमत घेण्याचा स्कॉटिश संसदेचा अधिकार अमान्य केला. संसद मिळाली, तरी अंतिम किल्ली लंडनलाच राहिली. शिलेची आणि संसदेची स्थिती या बाबतीत विलक्षण सारखी आहे.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच परके वाटू नये. साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये आलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांच्या कराराने दिलेली आहेत. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारला मध्यस्थामार्फत पैसे मोजून घ्यावी लागली. आणि चार्ल्सच्याच राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी कोहिनूर नसलेला मुकुट निवडला. वाद टळला, हिरा मात्र लंडनच्या टॉवरमध्येच राहिला. कोहिनूरबाबत आपल्या सरकारचाही सूर स्थिर नाही. तो चोरलेला वा बळजबरीने नेलेला नाही, असे २०१६ मध्ये सॉलिसिटर जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि गदारोळ होताच सरकारने दुसऱ्याच दिवशी सारवासारव केली. लाहोरच्या तहाने, एका अल्पवयीन राजाकडून, १८४९ मध्ये घेतलेली वस्तू 'दिलेली' म्हणायची की 'घेतलेली', यावर ज्यांचे एकमत नाही, त्यांनी स्कॉटलंडचा अनुभव बारकाईने पाहावा. सातशे वर्षांनी, त्याच राज्यांतर्गत, त्याच राजाची प्रजा असलेल्या लोकांनाही वस्तू मिळाली ती मालकी सोडून. दुसऱ्या देशाला यापेक्षा अधिक उदार वागणूक मिळेल, असे मानण्यास तूर्त आधार नाही.

मार्च २०२४ मध्ये शिला पर्थच्या नव्या संग्रहालयात आली. पूर्वीच्या सिटी हॉलची इमारत त्यासाठी कोट्यवधी पौंड खर्चून नव्याने सजवण्यात आली. पर्थपासून स्कून अगदी जवळ आहे, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने घरी आली, असे म्हणता येते. राज्याभिषेकाआधी झालेल्या डिजिटल तपासणीत तिच्या पृष्ठभागावर रोमन अंकांसारख्या खुणा आढळल्या. त्या कोणी आणि कशासाठी कोरल्या, हे अभ्यासकांपुढचे नवे काम आहे. पुढचा राज्याभिषेक होईल तेव्हा ती काचेच्या पेटीतून पुन्हा बाहेर निघेल, दक्षिणेकडे जाईल आणि कामापुरती खुर्चीखाली सरकवली जाईल. त्या दिवशी स्कॉटलंड ब्रिटनमध्ये नसेल, तर तिला सीमेपार जाऊ द्यायचे की नाही, हे कोण ठरवणार याचे उत्तर १९९६ च्या व्यवस्थेत नाही.

तोवर खुर्ची ॲबेच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये उभी आहे आणि तिच्या बैठकीखालची मोकळी जागा कोणालाही पाहता येते. तिकडे स्कूनच्या ज्या टेकडीवर पूर्वी राजे होत, तेथे शिलेची एक प्रतिकृती ठेवलेली आहे. पर्यटक तिच्यावर बसून छायाचित्रे काढून घेतात. तिला पेटी नाही आणि पहाराही नाही.